हवामानाच्या चौकोनात ठाणे कुठे?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात 75 मिलिमीटरही पडला नाही. एकाच शहरात एवढी तफावत असेल, तर ‘कोकणात अतिवृष्टी वाढेल’ एवढ्यावरून कल्याण-डोंबिवलीने नेमकी कोणती तयारी करायची? हा प्रश्न हवामानशास्त्रज्ञांइतकाच आम्हा डॉक्टरांचाही आहे. पूर ओसरला की लेप्टोचे रुग्ण येतात, साठलेल्या पाण्यातून डेंग्यू-मलेरिया वाढतो आणि उन्हाळ्यात उष्माघात.

पुढच्या काही दशकांतल्या हवामानाचे गणित संगणकावर मांडतात, त्याला हवामान मॉडेल म्हणतात. जागतिक मॉडेल पृथ्वीची विभागणी साधारण शंभर किलोमीटर बाजूच्या चौकोनांत करते. एका चौकोनाला एकच तापमान, एकच पाऊस. एखादा प्रदेश निवडून लहान चौकोनांत तोच हिशेब पुन्हा करणे, म्हणजे प्रादेशिक मॉडेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने दक्षिण आशियासाठी हे काम पुढे नेले आहे. त्यातला बराच काळ वापरात असलेला चौकोन 50 किलोमीटरचा. कुलाब्यापासून कल्याणपर्यंतचा सगळा पट्टा त्यात मावू शकतो!

मग चौकोन लहान का करत नाहीत? बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. शिवाय वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे आकडेमोड सुमारे आठपट. मे 2025 पासून देशात 6 किलोमीटरच्या चौकोनांवर अंदाज दिले जातात, पण ते पुढच्या काही दिवसांचे. तेच बारकाव्याने अनेक दशकांसाठी करणे फार खर्चिक आहे.

अडचण केवळ संगणकाची नाही. पावसाळी ढग चौकोनापेक्षा लहान असतात. त्यांचा परिणाम अंदाजे धरावा लागतो. म्हणूनच तापमान वाढणार यावर सर्व मॉडेल्सचे एकमत आहे, पावसाच्या आकड्यांवर नाही. त्यात आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला सह्याद्री आणि मध्ये झपाट्याने वाढणारे काँक्रीट. बदलापूरपर्यंत खारे वारे उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचतात, त्यामुळे एप्रिलमध्ये तिथला पारा कुलाब्यापेक्षा बराच वर असतो. मॉडेल पडताळायला जुन्या नोंदी लागतात. कुलाब्याकडे त्या शंभरहून अधिक वर्षांच्या आहेत. वाढत्या उपनगरांकडे तेवढ्या नाहीत.

वैद्यकशास्त्राला सरासरी तापमान फारसे उपयोगी नाही. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा परिसरातला पारा चाळिशीच्या आतच होता. आम्हाला हवे असते ते वेगळे : उष्मा आणि दमटपणा एकत्र असलेले दिवस किती वाढतील, रात्री किती तापतील आणि पत्र्याच्या घरांच्या वस्त्यांत काय होईल? आजच्या मॉडेल्सना हे वॉर्डनिहाय सांगणे जमत नाही.

तरीही अचूक आकड्यांची वाट पाहत थांबणे परवडणारे नाही. दिशा स्पष्ट आहे : केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 दरम्यान देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले. ठाणे महापालिकेने 2024 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, हे योग्य पाऊल. आता वॉर्डावॉर्डांत तापमान-आर्द्रतेच्या नोंदी हव्यात आणि त्या रुग्णालयांतील रुग्णसंख्येशी जोडून पाहायला हव्यात. उद्याचे मॉडेल त्यावरच सुधारेल.

तोवर आपल्या हाती काय? उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तातडीने रुग्णालय गाठा. पुराच्या पाण्यातून चालावे लागले, तर प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. ताप येण्याची वाट पाहू नका.