टपाचे रबर आणि दहिसरचा पाऊस

मुंबई महानगरपालिकेची हद्द उत्तरेस जेथे संपते त्या दहिसरला एका बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस मनोरीच्या खाडीकडे उतरत गेलेली खारजमीन असल्यामुळे, मृगापासून हस्तापर्यंत येथे जो पाऊस येतो तो कोणाचाच मुलाहिजा राखत नाही; आणि ज्या गाडीचा टप कारखान्यातूनच काढता-घालता येईल असा बनवलेला आहे, तशा जुन्या गाडीच्या मालकाला या चार महिन्यांत आपल्या हौसेची पुरती किंमत मोजावी लागते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तुळशी तलावाकडून वाहत येणारी दहिसर नदी काठच्या वस्तीत शिरली, त्या दिवसाची गोष्ट निराळी. त्या दिवशी कोणते रबर कोठे बसवले होते याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. परंतु आषाढातला साधा, सरळ पडणारा पाऊसही टपाच्या सांध्यातील दोष अर्ध्या घटकेत उघडकीस आणण्यास पुरेसा असतो.

या जातीच्या टपाचा इतिहास फार जुना नव्हे. कॉर्ड 810 ही विख्यात मोटार ज्याच्या कल्पनेतून उतरली त्या गॉर्डन ब्युरिग या अमेरिकन कलावंताने 1948 च्या टॅस्को नामक प्रायोगिक गाडीसाठी मध्यभागी उभी पट्टी आणि तिच्या दोहों बाजूंस उचलून काढता येणारी दोन पॅनेले अशी योजना केली, व 5 जून 1951 रोजी तिचे पेटंट त्याच्या नावे मंजूर झाले. पुढे 1961 मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फने टीआर-4 या गाडीला मागची काच कायम ठेवून पुढचा टप तेवढा निघेल अशी सोय केली; 1965 मध्ये पोर्शेने निघत्या टपाची टार्गा जाहीर केली; आणि 1968 च्या कॉर्व्हेटमध्ये ब्युरिगची पट्टी-पॅनेलांची कल्पना हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आली. कॉर्व्हेटच्या निर्मात्यांच्या मनात मूळचा बेत अखंड एकच पॅनेल काढण्याचा होता. परंतु टप काढताच गाडीचा सांगाडा पीळ खाऊ लागला आणि तो पीळ आवरण्यासाठी मधली पट्टी घालावी लागली. ही हकीकत वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण गळतीचे मूळ येथेच आहे. बंद टपाची गाडी ही पेटी असते. टप काढता येतो त्या गाडीचा सांगाडा खड्ड्याखड्ड्यागणिक किंचित वळतो, पॅनेल आणि चौकट यांतील अंतर क्षणोक्षणी बदलते, आणि ते बदलते अंतर भरून काढण्याची सारी जबाबदारी बोटभर जाडीच्या रबरावर येऊन पडते.

आपल्याकडे या मासल्याचा टप कोणत्याही कारखान्याने मोठ्या प्रमाणावर काढला नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि तिचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी या दोन्ही बंद टपाच्या. दहिसरहून हाकेच्या अंतरावर, कांदिवलीत, ज्यांचा कारखाना आहे त्या महिंद्रांच्या जीपचे कापडी हूड सहज निघे खरे, पण जीपमध्ये पाणी यायचेच असे मालकाने आणि कारखान्याने दोघांनीही मनोमन मान्य केलेले असे. गोव्यात 1998 च्या सुमारास सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बॉडीची, दोन आसनांची उघडी गाडी निघाली. ती हौसेपुरतीच राहिली. तेव्हा मुंबईत पॅनेलांचे रबर बदलण्याचा प्रसंग येतो तो बहुधा कधीकाळी परदेशातून आलेल्या गाडीबाबत, आणि ते काम करणारे हात मात्र पद्मिनीवर तयार झालेले असतात.

हे हात सामान्य नव्हेत. पद्मिनीची पुढची काच बसवताना जुना काचवाला काय करी ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना माझे म्हणणे पटेल. काचेभोवती रबर चढवायचे, रबराच्या आतल्या खाचेत सुतळी सर्व बाजूंनी फिरवून तिची दोन्ही टोके गाडीच्या आत सोडायची, साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, आणि मग एकाने बाहेरून तळहाताने थापटत राहायचे तर दुसऱ्याने आत बसून सुतळी हळूहळू ओढायची. सुतळी निघत जाते तसतशी रबराची आतली पात पत्र्यावरून उलटून आपसूक जागेवर बसते. पेचकसाने तीच पात ओढू पाहणारा नवखा मनुष्य हटकून रबर फाडतो, आणि दुर्दैव असले तर काचही फोडतो. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरताच 30 ऑक्टोबर 2023 पासून ती सेवेतून बाद झाली. ज्या विद्येला रोजचे गिऱ्हाईक त्या टॅक्सीने पुरवले ती विद्या आता हौशी मालकांच्या आश्रयाने जगते आहे.

रबर का मरते याची थोडी मीमांसा आवश्यक आहे. नैसर्गिक रबराच्या रेणुशृंखलेत जे दुहेरी बंध असतात त्यांवर हवेतील ओझोन हल्ला करतो आणि रबराला आडव्या भेगा पडतात. या भेगा ताणलेल्या रबरावर अधिक आणि ताणाच्या दिशेशी काटकोनात पडतात. ज्याला ईपीडीएम म्हणतात त्या कृत्रिम रबराच्या मुख्य शृंखलेत असे बंध नसल्यामुळे ऊन, ओझोन आणि पाऊस ते पुष्कळ अधिक सोसते, आणि म्हणूनच आजच्या गाड्यांच्या दारांना व टपांना तेच असते. परंतु त्यालाही एक कुपथ्य आहे, ते म्हणजे पेट्रोलियमचे तेल. रबर कुरकुरू लागले की त्याला इंजिन ऑइलचा किंवा डिझेलचा बोळा फिरवण्याची जी चाल आपल्या गॅरेजांतून सर्रास दिसते तिने ईपीडीएम फुगते आणि पिचपिचीत होते. शंखजिऱ्याची पूड किंवा सिलिकॉनचे ग्रीस, एवढीच त्याची पथ्याची औषधे. मूळचे म्हणून भेगाळलेले रबर भक्तिभावाने जतन करणारे मालक मला भेटले आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी आदर बाळगूनही मी म्हणेन की मेलेल्या रबराखाली पाणी साचून पत्रा कुजतो आणि मूळचा म्हणून जपण्याजोगा तो पत्राच असतो.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट अशी, की रबराला हात लावण्यापूर्वी पॅनेल आणि काचा सरळ कराव्यात. या गाड्यांच्या दाराच्या काचांना वरची चौकट नसते. काच वर चढून थेट पॅनेलच्या कडेच्या रबरावर टेकते, आणि ती काच दोन मिलिमीटर जरी बाहेर झुकलेली असली तरी जगातले उत्तमातले उत्तम रबर व्यर्थ जाते. कारागीर मंडळी अशा वेळी जाड रबर भरून अंतर मिटवण्याची तजवीज करतात, आणि परिणामी टप बंद करण्यासाठी इतका जोर लागतो की कुलपाचे आकडेच वाकतात. रबर त्याच्या जाडीच्या साधारण तृतीयांशाने दबले म्हणजे पुरे.

जुने रबर काढताना लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी; खाली रबर चिकटवणाऱ्या सोल्यूशनचा सुकलेला थर राहतो तो संपूर्ण निघाल्यावाचून पुढे जाऊ नये, आणि गंज दिसला तर त्याचा बंदोबस्त करून, रंग वाळू देऊनच नवे रबर हाती घ्यावे. ते आधी सोल्यूशनवाचून, कोरडेच, जागेवर मांडून पाहावे. मुख्य नियम असा, की आरंभ कोपऱ्यापासून करावा. कोपरे साच्यातून घडवलेले असतात, त्यांना एकच जागा ठाऊक असते. सरळ भागाला मात्र थोडे मागेपुढे सरकवता येते. कोपरे बसले की उरलेला ढिलेपणा मधल्या भागात दाबत न्यावा आणि सांध्याशी रबर किंचित अधिक ठेवावे. याच्या उलट, मापात बसावे म्हणून जो रबर ताणून चिकटवतो त्याचे रबर पहिल्या उन्हातच आखडून कोपऱ्यात फट पाडते, आणि वर सांगितल्याप्रमाणे ताणलेल्या जागी भेगाही आधी पडतात.

सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेल पण बोटाबरोबर येणार नाही इतके सुकू द्यावे लागते. श्रावणातल्या दमट हवेत हे काम काढू नये. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि चिकटलेले वाटलेले रबर पंधरवड्यात सुटून येते.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती बाब मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. काढत्या टपाचे रबर सगळे पाणी अडवील अशी अपेक्षा अनेक गाड्यांच्या रचनेतच नसते. रबरापलीकडे एक पन्हळ असते आणि तिच्यात उतरलेले पाणी खांबातल्या बारीक नळीवाटे चाकाजवळ बाहेर सोडलेले असते. दहिसरसारख्या ठिकाणी झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची ही नळी पाचोळ्याने आणि धुळीने तुंबते, पन्हळ भरते, पाणी आसनावर येते, आणि मालक निष्पाप रबराला दोष देत पुन्हा खर्चात पडतो. नळीत नायलॉनची जाड दोरी घालून ती मोकळी करावी. हवेच्या दाबाने फुंकल्यास नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग खांबावरचे अस्तर उसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

अशा दुरुस्तीच्या आड कायदा येतो काय, हेही पाहिले पाहिजे. केंद्र शासनाने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी निराळ्या नोंदणीचे नियम जाहीर केले. या नोंदणीची, व्हीए ही अक्षरे असलेली नंबरपाटी घेणाऱ्याला नव्या नोंदणीस 20,000 रुपये भरावे लागतात आणि गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत अशी त्यात अट आहे; रबर बदलण्यास तिची आडकाठी नाही. मात्र रॅलींचा हंगाम पडतो हिवाळ्यात, त्यामुळे गळती मालकाच्या नजरेस येते ती गाडी महिनोन्‌महिने उभी राहिल्यावर, गालिचाला बुरशीचा वास येऊ लागल्यावर.

म्हणून पाऊस सरून हवा कोरडी होऊ लागताच, ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी दोन परीक्षा करून घ्याव्यात. टप बंद करताना कागदाची चिठ्ठी रबराखाली ठेवावी व ती ओढून पाहावी. जेथे ती विनासायास निघेल तेथे रबर दबत नाही असे समजावे. नंतर नळाचे पाणी जोर न करता खालून वर चढवीत सोडावे आणि आत एका माणसाला विजेरी देऊन बसवावे, म्हणजे पाणी प्रथम कोठून येते ते कळते. वरून एकदम पाणी मारल्यास ते कळत नाही. दोष सापडला तर काम माघ-फाल्गुनात उरकावे, आणि नवे रबर बसल्यावर टप निदान एक पूर्ण दिवस बंद ठेवावा.