तोंडाला लावायच्या मलमाविषयी

मे महिन्याची लग्ने जवळ आली की आपल्या गावच्या मुली तोंडाला लावायच्या मलमाची चौकशी करू लागतात. मुलगेही मागे नाहीत. शेजारणीने सांगितलेली, दुकानदाराने सुचविलेली एखादी ट्यूब घरात येते, आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो आणि मग ती सोडवत नाही. ह्या ट्यूबविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इतक्या लवकर रंग उजळविणाऱ्या कित्येक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ह्यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे मोलाची आहेत. चिघळलेला इसब ती आटोक्यात आणतात. परंतु चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली तर कातडी पातळ होते, बारीक तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरमे येतात, बायकांच्या गालांवर लव वाढते. लावणे थांबविले की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. नायट्यावर लावले तर खाज तेवढी थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. तरीही ती मागितली की मिळतात, हे आपण सारे जाणतो. तेव्हा खोक्यावर उभी तांबडी रेघ किंवा आरएक्स ही अक्षरे दिसली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

दुसरे भय पाऱ्याचे. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ ह्या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांतल्या १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले, आणि मलमांच्या तपासणीत पारा सापडला. ज्या डबीवर कारखान्याचे नाव, परवाना क्रमांक व घटकांची यादी नाही, ती बाजारात कितीही स्वस्त मिळो, घरात आणू नये.

आता शेतकऱ्याच्या कातडीकडे वळू. तिचे काळवंडणे नेहमीच उन्हाचे नसते. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे नजरेस आलेले काँग्रेस गवत (काही ठिकाणी त्यास गाजर गवत म्हणतात) आज बांधाबांधावर आहे. त्याचे बारीक कण वाऱ्याबरोबर उडतात आणि काही जणांना ते बाधतात. पापण्या, कानांमागची जागा, मान, कोपराच्या खोबणी येथे खाज सुटते. कातडी जाड व काळी होते. दर वर्षी हे होत असेल तर त्यावर क्रीम चोळणे व्यर्थ आहे. गवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावे, घरी येताच अंग धुवावे, कपडे वेगळे टाकावेत. ज्याला बाध आहे, त्याने उपटायला जाऊच नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे. आणि डॉक्टरांना धंदा शेतीचा हे आवर्जून सांगावे, नाहीतर मूळ सापडत नाही.

रोजची निगा म्हणाल तर फार थोडी आहे. साबण सौम्य असावा, तो काखा, जांघा, पाय इथे पुरेसा. कपड्यांच्या वडीने अंग घासल्यास कातडीचे तेल निघून जाते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे. मुरमे येणाऱ्या तरुणांनी चेहऱ्यास तेल लावू नये. दुपारच्या उन्हात डोक्यास पदर किंवा रुंद काठाची टोपी, अंगात पूर्ण बाह्या. लिंबू आणि खायचा सोडा स्वयंपाकघरातच बरे. नवीन काही घेतलेच, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूस तीन-चार दिवस लावून पाहावे.

रोप लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाय धुऊन बेचके कोरडे पुसावे, तेथे तेल वा व्हॅसलीन थापू नये. टाचांच्या भेगांचे उलट आहे: रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवून वजरीने हलके घासावे, व्हॅसलीन भरून सुती मोजे घालावेत. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र टाचा घासू नयेत. भेगेतून रक्त किंवा पू दिसताच दवाखाना गाठावा.