बूटलोडर उघडण्यापूर्वी बॅकअप: क्रम चुकला तर माहिती परत मिळत नाही

तीन-चार वर्षे वापरलेला अँड्रॉइड फोन बहुधा बिघडलेला नसतो. स्क्रीन शाबूत असते, बॅटरीही दिवस काढते. थांबलेल्या असतात त्या कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षाविषयक सुधारणा. अशा फोनला नवे आयुष्य देण्यासाठी त्यावर लिनिएजओएससारखी मुक्त कार्यप्रणाली बसवावी, किंवा फोनवर पूर्ण ताबा मिळविण्यासाठी तो ‘रूट’ करावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. त्या वाटेवरचा पहिला दरवाजा म्हणजे बूटलोडरचे कुलूप. ते उघडण्याची आज्ञा एका ओळीची आहे आणि ती पुरी होण्यास फारसा वेळ लागत नाही. मात्र तेवढ्या अवधीत फोनमधील सारी छायाचित्रे, संदेश, ध्वनिमुद्रणे आणि अ‍ॅपमधील नोंदी पुसल्या जातात. म्हणून या कामात तांत्रिक कौशल्यापेक्षा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो.

बूटलोडर म्हणजे काय?

फोन सुरू करताच अँड्रॉइड लगेच चालू होत नाही. त्याआधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि कोणती कार्यप्रणाली सुरू करावयाची हे ठरवितो. तोच बूटलोडर. कुलूपबंद अवस्थेत तो समोरच्या कार्यप्रणालीवरील डिजिटल स्वाक्षरी तपासतो. स्वाक्षरी फोन बनविणाऱ्या कंपनीची असेल तरच पुढची वाट मोकळी होते. या तपासणीची सुरुवात चिपमध्येच कोरलेल्या, बदलता न येणाऱ्या मजकुरापासून होते आणि प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची खातरजमा करतो. अँड्रॉइडमध्ये या व्यवस्थेला ‘व्हेरिफाइड बूट’ असे नाव आहे.

बूटलोडर उघडणे म्हणजे ही सक्ती उठविणे. त्यानंतर कंपनीची स्वाक्षरी नसलेली प्रणालीही फोनवर चालू शकते. रूट करणे ही त्यापुढची आणि वेगळी पायरी आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असून लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. नेहमीच्या फोनमध्ये हा अधिकार मालकालाही दिलेला नसतो. रूट केल्यावर तो मिळतो आणि एरवी बंद असलेल्या फाइल वाचता, बदलता वा पुसताही येतात.

माहिती का पुसली जाते?

कुलूप उघडताना माहिती नष्ट होणे हा दोष नव्हे; तशी योजनाच आहे. एखाद्याचा फोन चोरीस गेला आणि चोराने बूटलोडर उघडून स्वतःच्या सोयीची प्रणाली त्यावर चढविली, तर मालकाच्या खासगी माहितीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याला खुला होईल. ही शक्यता मिटविण्यासाठी कुलूप उघडताच आतील माहिती रद्द करावी, असा नियम ठेवलेला आहे.

दुकानात ‘पुसलेले फोटो परत काढून देतो’ असे सांगितले जाते. या बाबतीत त्या आश्वासनाचा भरवसा धरू नये. अँड्रॉइड 10 पासून बाजारात आलेल्या फोनमध्ये प्रत्येक फाइल सांकेतिक रूपात साठविणे बंधनकारक आहे. ती उलगडण्याच्या किल्ल्या फोनमधील सुरक्षित भागाच्या आधारे जपलेल्या असतात आणि कुलूप उघडताना त्या नष्ट होतात. स्मृतीत काही अवशेष उरले तरी किल्लीवाचून ते निरर्थक असतात.

आधी रूट की आधी बॅकअप?

येथे एक जुना पेच आहे. अ‍ॅपच्या अंतर्भागातील सर्व माहितीसह संपूर्ण बॅकअप घ्यावयाचा तर रूटचा अधिकार लागतो. रूटसाठी बूटलोडर उघडावा लागतो. आणि बूटलोडर उघडताच जिचा बॅकअप घ्यावयाचा ती माहितीच नाहीशी होते.

एके काळी या पेचातून वाट काढली जात असे. सोनीच्या एक्स्पीरिया मालिकेतील फोन हे त्याचे ठळक उदाहरण. 2014 मध्ये आलेल्या एक्स्पीरिया झेड3 सारख्या फोनमध्ये ‘ट्रिम एरिया’ नावाचा जेमतेम 2 एमबीचा एक विभाग होता. त्यात त्या विशिष्ट फोनच्या डिजिटल किल्ल्या असत. बूटलोडर उघडला की त्या कायमच्या जात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली कॅमेऱ्याची प्रक्रियाही जाई. मंद प्रकाशातील छायाचित्रे पूर्वीपेक्षा दाणेदार येत. कुलूप पुन्हा लावले तरी किल्ल्या परत येत नसत. म्हणून जाणकार वापरकर्ते प्रणालीतील एखाद्या त्रुटीचा फायदा घेऊन प्रथम रूट मिळवीत, त्या विभागाची प्रत संगणकावर ठेवीत आणि मगच कुलूप उघडीत. 2016 मध्ये उजेडात आलेली ‘डर्टी काऊ’ ही लिनक्समधील त्रुटी याच कामी वापरली गेली. ती 2007 पासून लिनक्सच्या गाभ्यात दडून होती.

आज ही वाट सामान्य वापरकर्त्यासाठी जवळजवळ बंद आहे. अशा त्रुटी सुरक्षाविषयक सुधारणांतून बुजविल्या जातात. ‘एका क्लिकमध्ये रूट’ असे सांगणारी अनोळखी अ‍ॅप तर घातकच समजावीत, कारण ज्या त्रुटीतून असे अ‍ॅप आत शिरते तिच्यातूनच हेरगिरी करणारे प्रोग्रामही शिरतात. तेव्हा आजचा क्रम असा: रूटशिवाय शक्य तितका बॅकअप, त्याची पडताळणी, मग बूटलोडर, मग रूट आणि त्यानंतर प्रणालीच्या खोल भागांचा बॅकअप.

रूटशिवाय काय वाचविता येते?

*छायाचित्रे आणि फाइल:* फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडून कॅमेऱ्याचा डीसीआयएम फोल्डर, डाउनलोड, ध्वनिमुद्रणे आणि कागदपत्रे यांची प्रत करावी. गूगल फोटोजवर विसंबणाऱ्यांनी शेवटचे छायाचित्र तेथे पोहोचले आहे का, हे पाहावे. गूगल खात्यात 15 जीबी जागा विनामूल्य मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज यांत वाटली जाते. जागा भरली असेल तर नवी छायाचित्रे वर जाणे थांबलेले असते. गतवर्षीच्या चतुर्थीची माटोळी तेथे दिसते, म्हणून यंदाचीही असेल असे गृहीत धरू नये.

*व्हॉट्सअ‍ॅप:* अ‍ॅपच्या सेटिंगमधून चॅट बॅकअप हाताने सुरू करून तो पूर्ण होऊ द्यावा. व्हिडिओंचा समावेश वेगळा निवडावा लागतो. बॅकअपला एंड-टू-एंड संरक्षण दिले असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. ती हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. याखेरीज फोनमधील व्हॉट्सअ‍ॅपचा संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावा. दिवंगत आप्ताचा आवाज अनेक घरांत केवळ त्या फोल्डरमधील ध्वनिसंदेशांतच उरलेला असतो. टेलिग्रामचे साधे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर असतात, परंतु ‘सीक्रेट चॅट’ त्या फोनपुरतेच असतात आणि फोनबरोबर पुसले जातात.

*संपर्क आणि संदेश:* सर्व क्रमांक गूगल खात्यात असतातच असे नाही. काही फोनच्या स्मृतीत, काही सिमकार्डावर असतात. संपर्काच्या अ‍ॅपमधून ‘एक्स्पोर्ट’ करून तयार झालेली फाइल संगणकावर ठेवावी.

*दुहेरी पडताळणीची अ‍ॅप:* सर्वाधिक गफलत येथे होते. गूगल ऑथेंटिकेटरसारख्या अ‍ॅपमध्ये तयार होणारे सहा अंकी संकेत फोनबरोबर गेले तर आपल्याच खात्यात शिरणे कठीण होते. 2023 पासून या अ‍ॅपमधील नोंदी गूगल खात्याशी जोडून ठेवता येतात. किंवा क्यूआर कोडच्या साहाय्याने त्या दुसऱ्या फोनवर नेता येतात. शिवाय गूगल खात्याचे राखीव संकेत छापून घ्यावेत.

*बँक आणि यूपीआय:* यूपीआय अ‍ॅपची नोंदणी फोन आणि सिमकार्ड या दोहोंशी बांधलेली असते, त्यामुळे तिचा बॅकअप नसतो; नव्याने नोंदणी करावी लागते. बूटलोडर उघडलेल्या फोनवर ती होईलच याची शाश्वती नाही. रोजचे व्यवहार ज्या फोनवर चालतात, त्यावर हा प्रयोग न करणे उत्तम.

*फोनची ओळख:* स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबल्यावर दिसणारे आयएमईआय क्रमांक लिहून ठेवावेत. फोनचे नेमके मॉडेल आणि प्रणालीचा बिल्ड क्रमांकही टिपून ठेवावा. पुढे त्याची गरज पडते.

पूर्वी संगणकावरून ‘एडीबी बॅकअप’ ही आज्ञा देऊन अ‍ॅपमधील माहिती घेता येई. अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढील आवृत्तीसाठी तयार केलेल्या अ‍ॅपची माहिती आता त्यात येत नाही. आज्ञा यशस्वी झाल्यासारखी दिसते, फाइलही तयार होते. पण आत फारसे काही नसते. गूगलचा स्वयंचलित बॅकअपही प्रत्येक अ‍ॅपची सरसकट 25 एमबीपर्यंतच माहिती घेतो आणि अ‍ॅपने नकार दिला असेल तर तीही घेत नाही.

पडताळणीवाचून बॅकअप नाही

बॅकअप फोनमध्येच ठेवणे म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणे. तो संगणकावर असावा आणि शक्य तर एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. मेमरी कार्ड असल्यास ते काढून बाजूला ठेवावे. ते कार्ड फोनची अंतर्गत स्मृती म्हणून जोडलेले असेल तर त्यावरील माहितीची किल्ली फोनमध्ये असते; फोन पुसला की कार्डही वाचता येत नाही. अशा कार्डावरील माहिती आधीच संगणकावर न्यावी.

प्रत केल्यावर दहा-वीस छायाचित्रे, दोन-चार व्हिडिओ आणि संपर्कांची फाइल संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. मूळ आणि प्रत यांतील फाइलची संख्या जुळते का, तेही पाहावे. हे अर्ध्या तासाचे काम पुढचा मनस्ताप वाचविते.

कुलूप आणि त्यानंतर

प्रत्यक्ष कृती कंपनीनुसार बदलते. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ‘अबाउट फोन’मधील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारल्यावर ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. तेथे ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करून, फोन फास्टबूट अवस्थेत नेऊन, संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्यावी लागते. फोन स्वतः एकदा विचारतो आणि आवाजाच्या बटणांनी होकार द्यावा लागतो. तो होकार म्हणजे परतीची शेवटची जागा. शाओमीच्या फोनमध्ये कंपनीकडे अर्ज करून काही दिवस थांबावे लागते. हुआवेने 2018 मध्ये कुलूप उघडण्याचे संकेत देणेच थांबविले. आपल्या मॉडेलबाबत कंपनीचे धोरण काय आहे, हे आधी पाहावे.

बॅटरी पुरेशी भरलेली असावी आणि शक्यतो लॅपटॉप वापरावा. पावसाळ्यात गोव्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर प्रणाली चढविताना वीज गेली तर फोन अर्धवट अवस्थेत अडकू शकतो.

रूटसाठी आज मॅजिस्क हे साधन प्रचलित आहे. त्यात फोनच्या बूट विभागाची फाइल घेऊन तिच्यात बदल केला जातो आणि ती फोनवर चढविली जाते. अँड्रॉइड 13 सह आलेल्या नव्या फोनमध्ये हा बदल ‘इनिट बूट’ नावाच्या विभागात होतो. ही फाइल टिपून ठेवलेल्या बिल्ड क्रमांकाचीच असावी. दुसऱ्या बिल्डची चढविल्यास फोन सुरूच न होण्याचा संभव असतो. रूट मिळताच ज्या विभागांत फोनची ओळख आणि नेटवर्कविषयक माहिती असते, त्यांची प्रत प्रथम संगणकावर घ्यावी. हेतू केवळ जतनाचा असावा. आयएमईआय बदलणे हा भारतात गुन्हा आहे. नवी कार्यप्रणाली बसवावयाची असेल तर फोन आणखी एकदा पुसावा लागतो. म्हणून छायाचित्रे व संवाद परत आणण्याचे काम अगदी शेवटी ठेवावे.

जे परत मिळत नाही

काही गोष्टी कोणत्याही बॅकअपमध्ये मावत नाहीत. उघडा फोन सुरू होताना दर वेळी इशारा दाखवितो. प्ले इंटेग्रिटी या गूगलच्या तपासणीत तो सहसा उत्तीर्ण होत नाही, त्यामुळे अनेक बँकांची अ‍ॅप चालण्यास नकार देतात. काही फोनमध्ये वाइडवाइन संरक्षणाची पातळी खाली जाते आणि चित्रपट कमी दर्जात दिसतात. सॅमसंगच्या फोनमध्ये अनधिकृत प्रणाली चढविली की नॉक्सचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. पुढे मूळ प्रणाली बसविली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सुविधा परत येत नाहीत. आणि कुलूप पुन्हा लावावयाचे ठरविले तर माहिती पुन्हा पुसली जाते. बदललेली प्रणाली तशीच ठेवून कुलूप लावल्यास तर फोन निकामी होऊ शकतो.

याचा अर्थ हे काम करूच नये असा नाही. कंपनीने सोडून दिलेला फोन आणखी काही वर्षे उपयोगात आणणे हे खिशाला आणि पर्यावरणाला दोघांनाही हिताचे आहे. फक्त त्यासाठी निवडलेला फोन असा असावा, की जो या क्षणी पूर्ण कोरा झाला तरी आपले काही अडणार नाही. तसा तो नसेल, तर ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटण दाबण्याची वेळ अद्याप आलेली नाही.