नियंत्रण कक्षात इंजिन नसतं

क्लाउड कॉम्प्युटिंग शिकणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला आढळतो: अनेक सर्व्हरांवरच्या शेकडो व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं व्यवस्थापन सॉफ्टवेअर हाताळायचं, तर डेटा सेंटरच हवं. बांभोरी, शिरपूर किंवा देवपूरच्या महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर ते चालणार नाही आणि कंटेनरमध्ये तर नाहीच नाही. युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं, ते यजमान संगणकाचंच वापरतं. मग ज्याला स्वतःचं कर्नल नाही, ते दुसऱ्यांच्या अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिम कशा चालवणार?

यातला पहिला भाग खरा आहे. कंटेनर म्हणजे छोटी व्हर्च्युअल मशीन नव्हे; नेमस्पेस आणि सीग्रुप या लिनक्सच्या सोयींनी वेगळी ठेवलेली ती एक प्रक्रिया असते. चूक होते ती पुढच्या उडीत. व्हर्च्युअल मशीन चालवणं आणि त्यांचं व्यवस्थापन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात बसलेला नियंत्रक विभागातल्या गाड्या हलवतो, पण त्याच्या खोलीत इंजिन नसतं. ओव्हर्ट या मुक्त प्रणालीत हे स्पष्ट दिसतं. तिचं ‘इंजिन’ नावाने गोंधळात टाकत असलं, तरी ते जावात लिहिलेलं अॅप्लिकेशन आहे, सोबत पोस्टग्रेस डेटाबेस. प्रत्येक होस्टवरच्या, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या, व्हीडीएसएम या सेवेशी ते नेटवर्कवरून बोलतं, ५४३२१ क्रमांकाच्या पोर्टवर. व्हर्च्युअलायझेशनची सोय असलेला प्रोसेसर होस्टला लागतो. व्यवस्थापकाची किमान गरज दोन कोअर आणि ४ जीबी मेमरी एवढीच आहे, शिफारस १६ जीबीची. वेब अॅप्लिकेशन आणि डेटाबेस कंटेनरमध्ये घालणं तर डॉकर आल्यापासून, म्हणजे २०१३ पासून, रोजचंच झालं आहे. एक अडचण खरी: अशी सॉफ्टवेअरं सिस्टिमडी ही लिनक्समधली सेवा सांभाळणारी यंत्रणा आणि कायम राहणारं होस्टनेम गृहीत धरतात, त्यामुळे मांडणीत खटपट करावी लागते.

‘पण होस्टच नसतील तर व्यवस्थापक सांभाळणार काय?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि तो प्रणाली लिहिणाऱ्यांनाही सुचला होता. ओव्हर्टसाठी नकली व्हीडीएसएम आहे. ते होस्ट असल्याचं सोंग करून उत्तरं देतं. व्हर्च्युअल मशीन हाताळणाऱ्या लिबव्हर्ट या लायब्ररीत ‘टेस्ट’ नावाचा ड्रायव्हरच आहे: त्याला जोडलं की ‘टेस्ट’ नावाची मशीन चालू असल्याचं दिसतं. ती बंद करा, पुन्हा सुरू करा, नवी जोडा. सगळं मेमरीत घडतं आणि खरी मशीन एकही नसते. खरीच हवी असेल, तर लिनक्समध्ये २००७ साली आलेल्या केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीचं उपकरण कंटेनरला द्यावं. क्यूबव्हर्ट ही प्रणाली तर व्हर्च्युअल मशीनची प्रक्रिया कंटेनरच्या आतच चालवतं. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय नसेल, तर निव्वळ सॉफ्टवेअर अनुकरणावरही काम भागतं, फक्त कासवगतीने.

विंडोजवर मात्र एक मेख आहे. तिथे लिनक्सचे कंटेनर मुळात एका व्हर्च्युअल मशीनच्या पोटातच चालतात. म्हणून बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, तर नकली होस्टची चाचणीही सुरू होत नाही आणि खापर फुटतं कंटेनरवर. आधी बायोस तपासावं. कंटेनरला सरसकट ‘प्रिव्हिलेज्ड’ करून अडचण सोडवण्याची सवयही वाईट. त्याने यजमान संगणकावरचे जवळपास सगळे अधिकार कंटेनरला मिळतात; केव्हीएमचं एक उपकरण देऊन भागत असेल, तर घराच्या सगळ्या किल्ल्या कशाला?

उलट्या टोकाचा गैरसमज अधिक महागात पडतो: कंटेनरमध्ये चाललं, म्हणजे खऱ्या सर्व्हरांवर चालेल. नकली होस्ट सांगितलं तेवढंच उत्तर देतो. चालती मशीन एका होस्टवरून दुसरीकडे नेताना नेटवर्क अपुरं पडणं, गोठलेल्या सर्व्हरची वीज बाहेरून तोडणं, सामायिक स्टोरेजवर दोन होस्टांनी एकाच डिस्कवर लिहायला जाणं, हे त्याच्यासमोर घडतच नाही, आणि खऱ्या यंत्रणा इथेच कोलमडतात. स्क्रीन, परवानग्या, एपीआय, आवृत्ती बदलल्यावर डेटाबेसचं स्थित्यंतर एवढं कंटेनरमध्ये निश्चिंतपणे तपासता येतं. बाकीच्यासाठी किमान दोन खरी यंत्रं आणि एक सामायिक डिस्क लागतेच. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल लिहिणाऱ्यांनी चाचणीतले होस्ट खरे होते की नकली, हे पहिल्याच पानावर नोंदवावं.