प्रवेशानंतरचे पहिले वर्ष

प्रवेशाच्या यादीत मुलाचे नाव लागले की घरी पेढे वाटले जातात आणि वस्तीत अभिनंदनाचा फलक लागतो. हा आनंद रास्तच आहे, कारण कित्येक घरांत अभियंता होऊ पाहणारी ती पहिलीच व्यक्ती असते. परंतु आत गेलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, याची विचारपूस आपला समाज क्वचितच करतो.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी व आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे मिळून १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. त्यांत आयआयटीमधील अनुसूचित जातींचे १,०६८ व जमातींचे ४०८ होते. काही जण दुसऱ्या अभ्यासक्रमाकडे वळले असतील, हेही खरे. मात्र गळतीचा धोका केव्हा सुरू होतो, हे २०१५ साली रुरकीच्या आयआयटीत दिसले. तेथे सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षाच्या गुणांवरून काढून टाकण्यात आले. पुढे त्यांना पुन्हा संधी मिळाली.

नागपुरातही हेच पहिले वर्ष निर्णायक ठरते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला व्याख्यानातील विषय कळतो, पण इंग्रजीत प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. मुले ज्याला 'एम-वन' म्हणतात तो गणिताचा पेपर राहतो, मग मेकॅनिक्सचा राहतो. 'बॅक'ची संख्या वाढते आणि 'इयर डाऊन' होते. वर्ष वाया गेले की शिष्यवृत्तीचे गणितही बिघडते.

पैशांची अडचण रकमेइतकीच वेळेचीही असते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून 'स्वाधार' योजना आली. नागपुरासाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरली. या योजनांनी पिढ्या घडवल्या. तरी खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे दरमहा द्यावे लागतात, आणि शिष्यवृत्ती मात्र उशिरा खात्यावर येते. त्या मधल्या महिन्यांत मुलगा संध्याकाळची नोकरी धरतो आणि अभ्यास मागे पडतो.

यापेक्षाही खोल कारण एकटेपणाचे आहे. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्राइझमन या गणिताच्या अभ्यासकाला प्रश्न पडला, की कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅलक्युलसमध्ये इतक्या मोठ्या प्रमाणात नापास का होतात? प्राध्यापकांची उत्तरे ठरलेली होती : तयारी कच्ची, जिद्द कमी, घरची साथ नाही. ट्राइझमन विद्यार्थ्यांच्या सहवासात राहिले तेव्हा वेगळेच दिसले. ही मुले भरपूर अभ्यास करीत, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून गणिते सोडवीत, एकमेकांच्या चुका दाखवीत. ट्राइझमन यांनी गटात बसून अवघड गणिते सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल पालटला.

हे वाचताना आम्हांला आपल्या निवासी शाळेतील रात्रीचा सामूहिक अभ्यास आठवतो. वरच्या वर्गातील दादा-ताई लहानांना त्रैराशिक समजावून देतात आणि अडलेल्याला लाज वाटत नाही. हाच विद्यार्थी पुढे भाड्याच्या खोलीत एकटा पडतो. शाळेने दिलेला सर्वांत मोठा आधार नेमका गरजेच्या वेळी सुटतो.

बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० मध्ये स्थापन केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव दिले. राजा मिलिंद शंका विचारीत गेला आणि भिक्खू नागसेन उत्तरे देत गेले. जिथे निःसंकोच प्रश्न विचारता येतो तिथेच विद्या टिकते, हा त्या नावाचा अर्थ आम्ही घेतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. पहिल्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका अभियंत्याने किंवा विज्ञान पदवीधराने उभे राहावे. रविवारी चार-पाच मुलांना एकत्र बसवून गणिते सोडवून घ्यावीत. शिष्यवृत्ती येईपर्यंत परतबोलीने मदत करणारा छोटा निधी उभारावा. पालकांनीही एक पेपर राहिला म्हणून शिक्षण सोडवू नये. राहिलेला पेपर पुन्हा देता येतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण सारे दीक्षाभूमीवर येतोच. पहिल्या सत्राची परीक्षा त्यानंतर फार दूर नसते. यंदा त्या दिवशी आपल्या शाळेतून गेलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींची यादी करू या, आणि प्रत्येकाला विचारू या, "कोणता विषय अडला आहे?"

जय भीम!