मुलांच्या शिक्षणासाठीं शहरांत घर : विकत कीं भाड्यानें?

बारावीचा निकाल लागला कीं खेड्यांतील पुष्कळ घरीं एकच प्रश्न उभा राहतो : मुलास किंवा मुलीस पुण्यास शिकावयास पाठवावयाचें, पण राहण्याची सोय काय? भाड्याचे पैसे दुसऱ्याच्या पदरांत घालण्यापेक्षां रस्त्यालगतचा एखादा एकर विकून सदनिकाच कां घेऊं नये, असें आमच्या कित्येक सभासदांस वाटूं लागलें आहे. विचार वरवर सयुक्तिक दिसतो. तथापि त्याचा हिशेब आधीं मांडला पाहिजे.

उदाहरणादाखल 40 लाखांची सदनिका धरूं. पुणें महापालिकेच्या हद्दींत 2025 सालच्या दरानें मुद्रांक शुल्क शेंकडा 7, म्हणजे 2 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. सोसायटीची वर्गणी दरमहा अडीच हजार धरल्यास अभियांत्रिकीच्या 4 वर्षांत 1 लाख 20 हजार होतात. हेच 40 लाख शेंकडा 6 दरानें ठेवले असते, तर सरळ व्याजच 9 लाख 60 हजार आलें असतें. एकूण भार 13 लाख 90 हजार. उलट भागीच्या खोलीस दरमहा 8 हजार पडले, तरी 4 वर्षांचें भाडें 3 लाख 84 हजार. अंतर सुमारें 10 लाखांचें. म्हणजे सदनिका 50 लाखांस विकली गेली तरच दोन्ही पारडीं सारखीं होतील.

कर्ज काढणाराची अडचण निराळी. हप्ता दरमहा येतो, पीक मात्र हंगामालाच येतें. जमिनीची गोष्ट तर त्याहून गंभीर. पश्चिम महाराष्ट्रांत 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. सर्व जमीन विकणारा आपल्या नातवांची वाटच बंद करतो.

मग घर घेऊंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. घरांतील तीनचार भावंडें एकामागून एक दहाबारा वर्षें तेथें शिकणार असतील, आणि पैसा जमीन न विकतां शिलकेंतून उभा राहत असेल, तर खरेदी अवश्य करावी. ती घरांतील स्त्रीच्या नांवें केल्यास मुद्रांक शुल्कांत शेंकडा 1 सवलत मिळते. वरील उदाहरणांत 40 हजार वांचतात.

भाड्यानें घेणारांनीं करार लेखी व नोंदलेला असल्याची खात्री करावी. अनामत रकमेचा आंकडा त्यांत स्पष्ट असावा. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यान्वयें ही नोंदणी घरमालकाची जबाबदारी आहे.

राजर्षि शाहू महाराजांनीं 1901 सालीं कोल्हापुरांत व कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 1924 सालीं साताऱ्यांत वसतिगृह उघडलें. तेथें राहून शिकलेल्या रयतेच्या मुलांचें शहरांत स्वतःचें घर नव्हतें. त्यावांचून त्यांचें शिक्षण अडलें नाहीं. आमच्या मतें प्रथम वसतिगृह पाहावें, मग भाड्याची खोली, आणि जमिनीस हात सर्वांत शेवटीं.