गुरुजींचा अभ्यास

विद्यार्थ्यांप्रमाणें शिक्षकासही अभ्यास असतो, हें पुष्कळ मुलांस खरें वाटत नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत तर इतिहासशिक्षकांच्या अभ्यासाकरितां सरकारनेंच पैसा मंजूर केला होता. सेनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकारानें सन २००१ मध्यें ही योजना निघाली व सुमारें दहा वर्षें चालली. अनुदान स्थानिक शाळामंडळास मिळे. मात्र त्यानें एखादें महाविद्यालय, ग्रंथालय अथवा पदार्थसंग्रहालय सोबतीस घेतलेंच पाहिजे, अशी अट असे. अट शहाणपणाची होती. कारण तेथें इतिहास शिकविणाऱ्या पुष्कळांनीं तो मुख्य विषय म्हणून अभ्यासिलेला नसे.

अशा वर्गांत व्याख्यानें होतातच, पण खरें काम मूळ कागद वाचण्याचें. ‘लिंकननें गुलामांस मुक्त केलें’ हें वाक्य सर्वांस पाठ असतें. आतां १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा हातीं घ्यावा. तो मुक्त करितो केवळ बंडखोर प्रदेशांतील गुलामांस. केंटकी, मिसूरी, मेरीलंड व डेलावेर येथें गुलामगिरी होती. परंतु तीं संस्थानें संघराज्यांतच राहिल्यामुळें त्यांस तो लागूच नव्हता! लुइझियानांतील न्यू ऑर्लिन्ससारखे कांहीं भाग नांवानिशीं वगळलेले आहेत. असें कां? लिंकन यांनीं तो सेनापति या नात्यानें, युद्धाचा उपाय म्हणून काढिला. सबब शत्रूच्या मुलुखापुरताच तो चाले. मात्र त्याच कागदानें कृष्णवर्णीयांस सैन्याचें द्वार उघडलें आणि सुमारें १,८०,००० जण पलटणींत दाखल झाले. साऱ्या देशांतून गुलामगिरी उठली ती डिसेंबर १८६५ मध्यें, तेराव्या घटनादुरुस्तीनें.

त्या गुलामांचे वंशज आज त्याच वर्गांत बसतात. ‘आमच्या पूर्वजांस कां वगळलें?’ असें एखाद्या मुलीनें विचारल्यास, पाठ्यपुस्तकापलीकडे न गेलेला शिक्षक काय सांगणार? एका दिवसाच्या व्याख्यानानें ही तयारी होत नाहीं, हें आमचें स्पष्ट मत आहे.

हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं सन १८७३ मध्यें आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील दास्यविमोचक लोकांसच अर्पण केली होती.

सरकारी योजना संपली, तरी सन १९९४ मध्यें स्थापन झालेल्या गिल्डर लेर्मन संस्थेसारख्या संस्था शिक्षकांकरितां वर्ग भरवीत आल्या आहेत. वॉशिंग्टन येथील काँग्रेस-ग्रंथालयानें लिंकन यांचे कागद सर्वांस खुले केले आहेत. त्यांत जाहीरनाम्याचा जुलै १८६२ चा पहिला मसुदा त्यांच्याच हस्ताक्षरांत पाहावयास मिळतो.